विमानात दिवस मावळत नाही

१२ फेब्रुवारी २००५, लोणी

मंचरच्या खतवाल्याने ही डायरी जानेवारीतच दिली होती. पण जानेवारीत माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्याला एक सल्ला छापलाय. आजचा: 'उन्हाळी भुईमुगास पाण्याचा ताण पडू देऊ नये.' आपल्याकडे भुईमूग नाही.

लिहायचं कारण, मी विमानात बसणार आहे. अश्विनीताई म्हणजे शकुआत्याची मुलगी. इंग्लंडात नर्स आहे. जूनच्या शेवटी तिचे दिवस भरतात. तिथे दवाखाना फुकट आहे, पण घरी आल्यावर बघायला कोणी नाही. दाजींची नोकरी गोदामात, पाळ्यांची. तेव्हा आईच पाहिजे. आत्या एकटी जाणार नाही, म्हणून सोबतीला माणूस पाहिजे, आणि आख्ख्या भावकीत मोकळा मीच. नाना, म्हणजे माझे वडील, तसं बोलले नाहीत. ते म्हणाले, "आमरतला फिरायची आवड हाय."

खरं आहे. दहावीनंतर मी सुरतेला होतो, मग आळेफाट्याला गॅरेजात, मग भीमाशंकरला पेढ्याच्या दुकानात, मग द्राक्षाच्या गाडीवर पार नागपूरपर्यंत. कुठूनच मला काढलं नाही. मीच निघालो.

आत्या मात्र नको म्हणते. का, तर म्हणे शेळीला कोण बघंल. शेळीला शेजारची झुंबरबाई बघणार आहे, तिने स्वतः सांगितलं. मग म्हणाली गुडघे दुखतात. मला वाटतं तिला विमानाची भीती वाटते. मी तिला सांगितलं की विमान पडायच्या आत आपल्याला झोप लागलेली असते. तरी तिचं तोंड उतरलेलंच.

२४ फेब्रुवारी

आत्याच्या पासपोर्टसाठी दाखला आणायला घोडेगावला गेलो. तहसीलमध्ये साहेब जेवायला गेलेले. स्टँडवर भीमाशंकरची गाडी उभी होती, खिडकीची जागा रिकामी. बसलो. परवा परत आलो.

आत्या म्हणाली, "दाखला?"

मी म्हणालो, "पेढे आणलेत."

 आज नाना स्वतः गेले आणि दाखला घेऊन आले. पेढे त्यांनीच जास्त खाल्ले.

९ मार्च

आत्याच्या कमरेत कळ आली. भिंतीला धरून बसली आणि घामाने भिजली. जीपने मंचरला नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. मूतखडा.

डॉक्टर म्हणाले, "बाई, पाणी किती पिता?"

आत्या म्हणाली, "पिते की."

"लघवी अडवून धरता का?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं किडनीचं चित्र बघत होतो. किडनी राजम्यासारखी असते.

मग डॉक्टरांनी मलाच समजावलं. दिवसभर पाणी पाजायचं, अडवून धरू द्यायचं नाही, विमानात तर मुळीच नाही, तिथली हवा कोरडी असते. खडा वाटेत अडकला तर विमानतळावरून थेट दवाखान्यात, आणि मग लेकीचं बाळंतपण कोण करणार? "तुम्ही जबाबदार माणूस दिसता," असंही म्हणाले. ते मला ओळखत नाहीत.

तेव्हापासून मी आत्याच्या पाण्याचा इन्चार्ज. सकाळी तांब्या भरून ठेवतो, दुपारी बघतो तर रिकामा. चांगलं चाललंय.

यंदा दाराजवळचा कढीपत्ता लई फुटलाय. पाण्याची ओल दिसते बुडाशी.

२० मार्च

अश्विनीताईचा फोन आला, नानांच्या मोबाईलवर. तिने पहिलं विचारलं, "आई संडास वापरती का?"

ताईने मागच्या साली पैसे पाठवून आत्याला घरासमोर संडास बांधून दिला. पक्का, फरशीचा. आत्या त्यात कांदा ठेवते. कोरडा राहतो, सडत नाही. मी तसं सांगितलं. ताई पलीकडे गप्प झाली. रेंज गेली असेल.

संध्याकाळी आत्याला म्हणालो, "वापरत का नाहीस गं?" तर म्हणाली, "आळीच्या मधोमध हाय. आत गेले की समद्या गावाला कळतं. आन दिसाढवळ्या?" मी म्हणालो, "मग कांदा कुठं ठेवणार, हा पन प्रश्न हाय." ती म्हणाली, "त्येच."

२ एप्रिल

रोज दिवस मावळला की आत्या आणि झुंबरबाई टमरेल घेऊन ओढ्याकडे जातात. बाकीच्या बायाही जातात, पण ह्या दोघींची जोडी माझ्या जन्माच्या आधीपासूनची. एक बसते, दुसरी वाटेवर उभी राहते आणि कोणी येताना दिसलं की खोकते. खोकला ऐकला की आपण पुरुषांनी माघारी वळायचं, हे पोरांना चालायला लागल्यावरच शिकवतात. झुंबरबाईचा खोकला लोणीत सगळे ओळखतात. एकदा ग्रामसेवकाची मोटरसायकल त्या खोकल्याने माघारी फिरली होती.

आज मी पारावर होतो. झुंबरबाई जाता जाता मोठ्याने म्हणाली, "लंडनला वढा हाय का गं शके?"

मी म्हणालो, "मोठी नदी हाय की. थेम्स."

दोघी एकमेकींचा हात धरून इतक्या हसल्या की टमरेलातलं पाणी सांडलं. मग आत्या हसायची थांबली. झुंबरबाई म्हणाली, "नगं जाऊ मग." आत्या म्हणाली, "पोरीला कोण हाय?" आणि दोघी गेल्या.

बायांच्या बोलण्याला मागचंपुढचं काही नसतं.

१७ एप्रिल

नारायणगावचा भरत, द्राक्षवाला, ठिबक बघायला इस्राएलला जाऊन आलाय. त्याच्याकडे माहिती काढायला गेलो. तो म्हणाला, "आमरतराव, बाकी कायबी नाय, पोट सांभाळा. वर गेलं की पोट फुगतं. चिवड्याची पुडी फुगती ना, तसं. आन तिथं पाणी नसतं, कागद असतो."

"कागद कसला?"

"कसलाबी असूद्या. आपल्याला जमत नाय."

रात्रभर विचार केला. मला भाकरी आणि चहा झाल्यावर अर्ध्या तासात जावं लागतं, आणि शेतात, वारा लागला पाहिजे. दाराआड जमत नाही. सुरतेला पहिले पाच दिवस मला काहीच झालं नव्हतं. आत्याला बरं आहे, तिला कसली काळजी नाही.

३ मे

भरत म्हणाला सराव करा. हायवेच्या एका हॉटेलात खुर्चीचा संडास आहे. चहा मागवून आत गेलो. बसलो. पाय लोंबकळतात, त्यामुळे मनावर परिणाम होतो. बाहेर कोणीतरी दार वाजवलं आणि सगळं बंद झालं. परत येताना टोमॅटोच्या लिलावात थांबलो, मग एका व्यापाऱ्याच्या टेम्पोने जुन्नरला गेलो, तिथे ओळखीचा निघाला. सराव तेवढाच झाला.

२६ मे

दोघांचा व्हिसा आला. कसा आला ते बुद्धभूषण दाजींनाच ठाऊक.

आत्याने कांदा संडासातून काढून नानांच्या पडवीत टाकला. मला वाटलं आता वापरणार. तर म्हणाली, "मी नाय तर कांदा कोण बघंल." संडासाला कुलूप लावलं.

१० जून

उद्या निघायचं. झुंबरबाई दोनदा येऊन बसून गेली. जाताना मला म्हणाली, "संबाळ रं हिला."

मी म्हणालो, "पाण्याची बाटली घेतलीय. पाजतो."

तिने कपाळावर हात मारला.

११ जून, विमानात

जीप अंधारात निघाली. त्याआधी दोघी ओढ्याकडे जाऊन आल्या. आत्याने शेळीच्या कानात काहीतरी सांगितलं, बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले आणि मागे न बघता बसली.

विमान दुपारचं होतं. आत्याला खिडकी दिली. मी मधे, पलीकडे एक गोरा म्हातारा, जो बसायच्या आधीच झोपला होता. विमान वर गेलं तेव्हा आत्याने डोळे मिटले. मीही मिटले होते, पण ते उन्हामुळे.

जेवण आलं. आत्याने खाल्लं नाही, पाणीही घेतलं नाही. "इच्छा नाय." फुकट कसं घालवायचं म्हणून मी दोन्ही ताटं खाल्ली, वर पावाचा लाडू, वर थंड दोन. मग भरत आठवला. पोट वर आलं, खरंच पुडीसारखं. चड्डीची नाडी सैल केली. इसबगोल आणलं होतं ते घ्यावं की न घ्यावं ह्यात बराच वेळ गेला.

आत्या म्हणाली, "आमरत, दिवस कवा मावळंल?"

"मावळंल की."

थोड्या वेळाने परत, "किती वाजलं?" मी घड्याळ दाखवलं. गावी आत्ता गुरं परत आली असतील. बाहेर ऊन तसंच, दुपारसारखं. परत तेच, "मावळायला नगं का आता?" मग मलाही वाटलं, खरंच की. विमानातल्या बाईला विचारलं. ती हिंदीत बोलली. म्हणाली, आपण सूर्याच्या मागे मागे चाललोय, पोचेपर्यंत उजेडच राहणार.

हे मला लई भारी वाटलं. आत्याला सांगितलं, "आत्या, आज रात्रच नाय! आपन सूर्याला मावळूच देत नाय!"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग पदर तोंडावर घेतला आणि खिडकीकडे वळली. मला वाटलं खालचे बर्फाचे डोंगर बघतेय. पण तिचे खांदे हलत होते. देखावा बघून भरून येतं माणसाला.

मी एक डुलकी काढली. उठलो तर आत्या पुढे वाकलेली, गुडघे एकमेकांना घट्ट, एक हात कमरेवर. रंग राखेसारखा. खडा! मला डॉक्टर आठवले. बाटली उघडून तिच्या तोंडाला लावली, तर तिने हात झटकला. पाणी गोऱ्या म्हाताऱ्याच्या मांडीवर. तो उठला नाही.

मी म्हणालो, "आत्या, डॉक्टर म्हनलेत प्यायचं."

ती दात आवळून म्हणाली, "नगं म्हंते ना. हाय तेच मावंना."

मग हळूच, "झुंबरी असती तर."

"झुंबरबाई असती तर काय?"

"काय नाय."

माझं पोटही आता गुरगुरायला लागलं होतं. म्हटलं आधी संडास बघून तर येऊ. मागे गेलो, आत शिरलो, कडी लावली तर लख्ख दिवा लागला. कडी काढली, दिवा मंद. लावली, लख्ख. काढली, मंद. आठ-दहा वेळा केलं. कडीला वायर कुठून नेली असेल ते शोधत बसलो, मी गॅरेजात काम केलेलं. ज्या कामाला गेलो ते विसरलोच. परत येऊन आत्याला ते सांगितलं.

"कडी लावली की आपोआप लाईट! भारी."

आत्याने मान वर केली. "आन नाय लावली तर?"

"तर कायच दिसत नाय. मिणमिण. दिवस मावळल्यावानी."

ती माझ्याकडे बघत राहिली. कधी नव्हे ते इतका वेळ. मग म्हणाली, "तू उभा ऱ्हाशील?"

"कुठं?"

ती उत्तर न देता उठली.

मी तिला मागे नेलं. ती आत गेली, दार ओढलं, कडी लावली नाही. दार आपलं आपण दोन बोटं उघडं राहायला लागलं, तेव्हा आतून म्हणाली, "धर." मी पाठ करून दाराला टेकलो. समोरून एक बाई येत होती. मी काय करावं? आत्या आत, कडी नाही. माझ्या तोंडून आपोआप खोकला निघाला. मोठा, घसा फाडून. बाई थबकली आणि माघारी वळली.

तेव्हा मला कळलं की मी झुंबरबाई आहे.

तसं कळल्यावर बाकीचंही हळूहळू कळत गेलं. तांब्या. कढीपत्ता. कांदा. थेम्स नदी. सगळं एकामागून एक आलं आणि मी खोकत होतो. लहानपणापासून माहीत होतं, बाया अंधारात जातात. ते पावसाळ्यात चिखल होतो तसं माहीत होतं. दिवसा त्या काय करतात, हे मनात आलं नव्हतं.

आत बराच वेळ लागला. पहाटेपासूनचं होतं. एक सरदारजी आला, त्याच्यावर खोकलो. दोन गोरी पोरं आली, त्यांच्यावर खोकलो, ती हसली, मग मी परत खोकलो तेव्हा नाही हसली. रांग झाली. त्यातच माझं पोट, ज्याला सुरतेला पाच दिवस लागले होते, त्याने आत्ताच ठरवलं. घाम फुटला. दार माझ्याच पाठीमागे होतं.

पट्टे बांधायचा दिवा लागला. विमान हलायला लागलं. ती विमानातली बाई आली. "सर, प्लीज सीट पे जाइए."

मी म्हणालो, "मॅडम, लेडीज इनसाइड. नो लॉक."

"लॉक करने को बोलिए."

"लॉक किया तो दिन निकलता है."

ती काहीतरी बोलणार होती. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं, दाराच्या फटीकडे बघितलं, फटीतून दिसणाऱ्या नऊवारीच्या काठाकडे बघितलं. काय समजली माहीत नाही. रांगेकडे तोंड केलं आणि इंग्रजीत सगळ्यांना बसायला पाठवलं. मग स्वतः माझ्या शेजारी पाठ करून उभी राहिली. विमान हलत होतं, आम्ही दोघं एकमेकांना धरून. मी खोकत होतो. ती खोकत नव्हती, पण तिला गणवेश होता.

आत्या बाहेर आली. चेहरा धुतलेला. बाईकडे बघून तिने हात जोडले. मला म्हणाली, "तू जातोस का? उभी ऱ्हाते."

मी गेलो. तिथल्याच नळाचं पाणी कागदी पेल्यात भरून घेतलं. पाय लोंबकळत होते. बाहेर आत्या खोकली, एकदा, झुंबरबाईपेक्षा बारीक. मला लगेच झालं. बटण दाबलं तर असा आवाज की वाटलं विमानाचं बूच निघालं.

जागेवर आल्यावर आत्याने बाटली मागितली. सगळी प्याली. म्हणाली, "अजून हाय का?"

११ जून, संध्याकाळ म्हणायची तर

विमानतळावर अश्विनीताई पोट घेऊन उभी. आईच्या गळ्यात पडली. पहिलं वाक्य कानात, पण मला ऐकू आलं. "आई, गेली व्हतीस?"

आत्या म्हणाली, "आमरत उभा व्हता."

ताईने माझ्याकडे असं बघितलं की जसा मी बारावी झालो.

१५ जून, स्लाव

गावाचं नाव स्लाव. दाजी म्हणाले ह्याचा अर्थ दलदल. गाव बरं आहे.

इथेही दिवस मावळत नाही. जेवणं झाली, भांडी झाली, तरी पोरं रस्त्यात सायकली खेळतात. नऊ वाजून गेल्यावर कुठे अंधारतं. आत्याने पहिल्या दिवशी पाणी टाळलं, आणि अजून खिडकीशी बसून सूर्याकडे रागाने बघते. ताईला उठबस होत नाही, तरी दुसऱ्याच दिवशी तिने वरच्या संडासाच्या खिडकीला घोंगडी ठोकून घेतली आणि बल्ब काढला. आत भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. मी जिन्यात बसतो आणि खोकतो. आत्या आता दुपारीही जाते, म्हणून पाणीही पिते. कमरेची कळ परत आली नाही.

दाजी रात्रपाळी करून झोपतात. त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही. काल त्यांनी माझ्यासाठी खोकल्याचं औषध आणलं. घेतलं. चेरीचं होतं.

२१ जून

झुंबरबाईला फोन लावला. जयभीम झालं, शेळीचं झालं. मग ती ओरडली, लंडन लांब आहे म्हणून, "वढा हाय का गं?"

आत्या म्हणाली, "जिना हाय."

"उभं कोण?"

"आमरत."

पलीकडे हसू थांबेना. मग झुंबरबाई म्हणाली, "त्याला म्हनावं पोटातून खोक. गळ्यातून खोकलं की घसा बसतो." ते बरोबर निघालं.

आत्याने विचारलं, "आन तुज्यासंगं कोण जातंय आता?" झुंबरबाई म्हणाली, "मी काय, एकटीच खोकते आन एकटीच जाते." फोन ठेवल्यावर आत्या बराच वेळ खिडकीशी बसली. सूर्य होताच.

२९ जून

मुलगी झाली. नाव वैष्णवी नको म्हणाले दाजी, त्यांच्या गोदामात एक आहे. समृद्धी ठरतंय. रंग वांग्यासारखा, पण ताई म्हणते बदलतो.

१२ जुलै

ताईला ताप होता, आता उतरला. आत्या जिन्यावरून दिवसात किती वेळा वरखाली करते त्याला गणती नाही. पोरीला न्हाऊ घालते, शेक देते, ताईला मेथीचं करते. बसून ऊन बघायला तिला वेळ नाही. मी हाताशी असतो. कालपासून बाहेर जायला निघालोय, स्टेशनवरून कुठे कुठे गाड्या जातात ते बघायला, पण निघणं झालं नाही.

२० जुलै

सकाळी वर ऊन आलं होतं. खिडकीची घोंगडी धुवायला काढलेली, बाहेर दोरीवर वाळत होती. कठड्यावर आत्याचा पाण्याचा पेला, रिकामा. इथे कढीपत्ता नाही.

संडासाचं दार लागलं. कडीचा आवाज आला. दाराखालच्या फटीतून जिन्यापर्यंत उजेडाची पट्टी.

मी माझ्या पायरीवर बसलो आणि पोटातून खोकलो.

आतून आत्या म्हणाली, "खोकू नगं रं, पोर निजलीय."